छापलेलं पुस्तक हरवतं कसं? कृष्णवर्णीय लेखिका आणि पुस्तकांचा बाजार

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आज अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून सर्रास शिकवली जाते. लिपिनकॉट या प्रकाशनाने ती १९३७ साली काढली. १९७०च्या दशकात मात्र ती दुकानात मागून मिळत नव्हती. ज्या प्राध्यापकांना ती शिकवायची होती ते झेरॉक्स काढून विद्यार्थ्यांना वाटत. डिसेंबर १९७५ मध्ये भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांचं अधिवेशन भरलं, तेव्हा 'ही कादंबरी पुन्हा छापा' अशा मागणीच्या अर्जावर तिथे सह्या गोळा केल्या गेल्या. १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती पुन्हा छापली आणि त्यानंतर तिला वाचक कमी पडले नाहीत.

कादंबरी तीच होती. चाळीस वर्षांत तिच्यातला मजकूर बदलला नव्हता. मग मधल्या काळात ती गेली कुठे? 'तेव्हा वर्णद्वेष होता, आता कमी झाला' हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. द्वेष काही स्वतः येऊन पुस्तक कपाटातून काढून नेत नाही. त्यासाठी छापखाना, गोदाम, करारातलं कलम, परीक्षण, अभ्यासक्रम अशी साधी माणसांची साधी यंत्रणा लागते. कृष्णवर्णीय लेखिकांचं आजच्या साहित्यातलं स्थान समजून घ्यायचं तर आधी ही यंत्रणा समजून घ्यावी लागते.

आवृत्ती संपते तेव्हा

अमेरिकेत पुस्तक बाजारात आलं की त्याच्या हाती पहिले काही महिनेच असतात. दुकानदार न विकलेल्या प्रती प्रकाशकाला परत पाठवू शकतो. परत आलेला माल काही काळ गोदामात राहतो, मग उरलेल्या प्रती पडेल भावाने विकल्या जातात किंवा त्यांचा लगदा होतो. दुसरी आवृत्ती काढायची की नाही हे पहिल्या आवृत्तीच्या खपावर ठरतं. ती निघाली नाही की पुस्तक 'उपलब्ध नाही' या सदरात जातं. त्यावर कोणी बंदी घातलेली नसते, ते फक्त मिळत नाही.

खरं नुकसान यापुढे सुरू होतं. वर्गात पुस्तक शिकवायचं तर एकाच वेळी तीस-चाळीस प्रती लागतात. त्या मिळत नाहीत म्हणून शिक्षक ते यादीतून वगळतो. शिकवलं जात नाही म्हणून त्यावर प्रबंध होत नाहीत, लेख येत नाहीत. लेख नाहीत म्हणून प्रकाशकाकडे कोणी मागणी करत नाही, आणि मागणी नाही म्हणून तो छापत नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की दहा-पंधरा वर्षांत लेखिकेचं नाव ग्रंथालयाच्या कार्डापुरतं उरतं.

हर्स्टन यांच्याबाबत हे जसंच्या तसं घडलं. बार्नर्ड कॉलेजात शिकलेली, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआझ यांच्या हाताखाली तयार झालेली ही बाई फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्याच गावात वाढली होती. तिथल्या दुकानाच्या ओट्यावर बसून गप्पा हाणणाऱ्या माणसांची बोली त्यांनी कादंबरीत उतरवली. रिचर्ड राइट या त्या काळच्या वजनदार कृष्णवर्णीय लेखकाने १९३७ साली 'न्यू मासेस' मासिकात तिच्यावर कडक टीका केली. ही कादंबरी गोऱ्या वाचकांची करमणूक करते, तिला सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा सूर होता. एका बाईचं लग्न, दुसरं लग्न, तिसरं प्रेम आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली तिची गोष्ट, यात राइट यांना विषय दिसला नाही. म्हणजे फटका गोऱ्या प्रकाशकांकडून बसला तसा घरातल्या पुरुषांकडूनही बसला. हा मुद्दा पुढच्या लेखिकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा येतो आणि तो सोयीस्करपणे गाळला जातो.

हर्स्टन यांना एका पुस्तकावर मिळालेली सर्वांत मोठी रॉयल्टी ९४३ डॉलर ७५ सेंट. १९६० साली फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथे त्या एका सरकारी निराधार-गृहात वारल्या. कबरीवर नावाचा दगड नव्हता. तो १९७३ साली कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी बसवला आणि दोन वर्षांनी 'मिज' मासिकात त्यावर लेख लिहिला. १९७७ मध्ये रॉबर्ट हेमेनवे यांनी लिहिलेलं चरित्र आलं, १९७८ मध्ये पुनर्मुद्रण, आणि नंतर बड्या व्यापारी प्रकाशकाची पेपरबॅक. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी नियतकालिकातला लेख, मग चरित्र, मग विद्यापीठाची छोटी आवृत्ती, शेवटी बाजार. हरवलेली बहुतेक पुस्तकं याच जिन्याने वर आली. नेला लार्सन यांच्या १९२८ आणि १९२९ सालच्या 'क्विकसँड' आणि 'पासिंग' या दोन कादंबऱ्या १९८६ साली रटगर्स विद्यापीठाने एका पुठ्ठ्यात बांधून काढल्या. संपादन होतं डेबोरा मॅकडॉवेल यांचं. दोनच वर्षांनी बीकन प्रेसच्या 'ब्लॅक विमेन रायटर्स' मालिकेत ऑक्टेव्हिया बटलर यांची १९७९ची 'किंड्रेड' पुन्हा आली, ती मालिकाही मॅकडॉवेल यांनीच संपादित केली होती. एकच संशोधक, दोन प्रकाशनं आणि इतक्या लेखिका. ही कामं किती थोड्या माणसांच्या खांद्यावर होती ते यावरून दिसतं.

'हे हिनेच लिहिलं कशावरून?'

बाजाराच्याही आधी एक अडचण होती. १७६१ साली आफ्रिकेतून पकडून बॉस्टनमध्ये विकल्या गेलेल्या फिलिस व्हीटली यांच्या कविता १७७३ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. बॉस्टनमध्ये कोणी छापायला तयार नव्हतं म्हणून पुस्तक लंडनला निघालं. त्यात सुरुवातीलाच बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचं निवेदन जोडलं होतं: या कविता खरोखर या मुलीनेच लिहिल्या आहेत. दुसऱ्या संग्रहासाठी व्हीटली यांनी वर्गणीदार गोळा करायचा प्रयत्न केला. पुरेसे मिळाले नाहीत आणि ते हस्तलिखित पुढे हरवलं.

१८६१ साली हॅरिएट जेकब्स यांनी 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावाने आपली कहाणी छापली. मालकापासून सुटण्यासाठी त्या आजीच्या घरालगतच्या एका खोपटाच्या माळ्यावर सुमारे सात वर्षं लपून राहिल्या होत्या. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि छप्पर उतरतं असल्यामुळे सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट. म्हणजे बसता येईल, उभं राहता येणार नाही. लाकडाला गिरमिटाने भोकं पाडून त्या तिथून रस्त्यावर खेळणारी आपली मुलं पाहत. इतक्या मापासकट लिहिलेलं हे पुस्तक शंभर वर्षांहून अधिक काळ बऱ्याच अभ्यासकांनी काल्पनिक मानलं, कोणी ते संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांचंच समजलं. जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि कागदपत्रं तपासून लेखिका जेकब्सच आहेत हे सिद्ध केलं आणि १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांच्या खऱ्या नावाने आवृत्ती काढली. म्हणजे १८६१चं पुस्तक एका अर्थाने १९८७चंच आहे. टोनी मॉरिसन यांची गुलामगिरीवरची 'बिलव्हेड' ही कादंबरीसुद्धा त्याच वर्षी आली.

संपादकाच्या खुर्चीत

टोनी मॉरिसन यांना सगळे कादंबरीकार आणि १९९३च्या नोबेल मानकरी म्हणून ओळखतात. त्यांची नोकरी मात्र कमी लोकांना ठाऊक असते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९८३ पर्यंत त्या न्यूयॉर्कला रँडम हाउसमध्ये संपादक होत्या. टोनी केड बांबारा यांच्या कथा (१९७२), अँजेला डेव्हिस यांचं आत्मचरित्र (१९७४), गेल जोन्स यांची 'कोरेगिडोरा' (१९७५) ही पुस्तकं त्यांच्या टेबलावरून गेली. मुष्टियोद्धा मोहम्मद अली यांचं आत्मचरित्रही. बांबारा १९९५ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्या शेवटच्या कादंबरीचं भलंमोठं बाड मॉरिसन यांनी हातावेगळं केलं. ते १९९९ साली छापून आलं.

यातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. १९७४ साली मॉरिसन यांनी 'द ब्लॅक बुक' काढलं. हा निबंधसंग्रह नाही, इतिहासही नाही. कात्रणवही म्हणता येईल. गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती, पळालेल्या माणसांना पकडण्यासाठी लावलेल्या इनामाच्या नोटिसा, कृष्णवर्णीयांनी घेतलेल्या पेटंटची चित्रं, गाण्यांची छापील पानं, फोटो, वर्तमानपत्रांतल्या बातम्या. सामग्री मुख्यतः खाजगी संग्राहकांकडून आलेली. मुखपृष्ठावर मॉरिसन यांचं नाव नाही. त्या कात्रणांत १८५६ सालची एक बातमी होती. मार्गारेट गार्नर नावाची बाई केंटकीतून पळून ओहायो नदीपलीकडे सिनसिनाटीला पोचली, पकडायला माणसं आली तेव्हा मुलगी पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये म्हणून तिने त्या मुलीचा जीव घेतला. 'बिलव्हेड'चं बीज हे. संपादकाच्या नोकरीत हाती लागलेल्या कागदातून तेरा वर्षांनी कादंबरी उभी राहिली.

मॉरिसन रँडम हाउसमधून गेल्या आणि तिथून छापल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय लेखकांची संख्या झपाट्याने घसरली. दार एका माणसाने धरून ठेवलेलं असतं, तो माणूस उठला की ते लागतं. वर्णद्वेषाविरुद्धच्या २०२०च्या आंदोलनानंतर हेच पुन्हा दिसलं. डेना कॅनेडी सायमन अँड शुस्टरच्या प्रकाशक झाल्या, लिसा लुकास यांच्याकडे पँथिऑन हे प्रकाशन आलं. दोघी कृष्णवर्णीय, दोन्ही नेमणुका गाजल्या. कॅनेडी २०२२ मध्ये बाहेर पडल्या, लुकास यांना २०२४ मध्ये कामावरून कमी केलं गेलं. संपादक मुळात एखादं पुस्तक घेतो ते पाच-सात वर्षांच्या हिशोबाने. दोन-तीन वर्षांत खुर्ची बदलली तर त्याने घेतलेली पुस्तकं पोरकी होतात, आणि नव्या संपादकाला त्यांचं फारसं सोयरसुतक नसतं.

मोठ्यांच्या दारात ताटकळण्यापेक्षा आपलाच छापखाना काढू, असंही काहींनी केलं. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना १९५० मध्ये पुलित्झर मिळालं होतं (ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय), तरी पुढे त्यांनी हार्पर हे मोठं प्रकाशन सोडून डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसला कविता द्यायला सुरुवात केली. ते प्रकाशन डडली रँडल हे ग्रंथपाल चालवत. १९८० मध्ये बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आणि इतर काही जणींनी 'किचन टेबल' नावाचं प्रकाशन सुरू केलं. नायजेरियात फ्लोरा न्वापा यांनी असंच केलं. १९६६ साली त्यांची 'एफुरू' हाइनमनच्या आफ्रिकन लेखकांच्या मालिकेत २६व्या क्रमांकावर आली होती, पुढे त्यांनी स्वतःचं टाना प्रेस काढलं. लंडनला मार्गारेट बझबी १९६७ मध्येच प्रकाशक झाल्या होत्या. या छोट्या प्रकाशनांचं घोडं बहुतेक वेळा छपाईत अडत नाही, वितरणात अडतं. पुस्तक छापून तयार, पण दुकानापर्यंत पोचवणारा माणूस नाही आणि पोचलं तर वसुली नाही. लॉर्ड १९९२ मध्ये गेल्या आणि 'किचन टेबल' त्यानंतर फार टिकलं नाही.

पैशाचा हिशोब

जून २०२० मध्ये लेखकांनी समाजमाध्यमांवर प्रकाशकांकडून मिळालेल्या आपापल्या आगाऊ रकमा जाहीर करायला सुरुवात केली. 'पब्लिशिंग पेड मी' या नावाची ही मोहीम एल. एल. मॅककिनी या कृष्णवर्णीय लेखिकेने सुरू केली. जेझमिन वॉर्ड यांनी तेव्हा सांगितलं की २०११ सालचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळाल्यावरही एक लाख डॉलरची आगाऊ रक्कम मिळवायला त्यांना झगडावं लागलं. त्यांच्या पुढच्या कादंबरीला २०१७ मध्ये तेच पारितोषिक पुन्हा मिळालं. कथा-कादंबरीसाठी ते दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे, पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल. नेहमीचे दर असे: पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या ५,००० प्रतींवर छापील किमतीच्या १० टक्के, पुढच्या ५,००० वर साडेबारा, त्यापुढे १५. पुस्तक २८ डॉलरचं धरलं तर २५,००० डॉलरची उचल फिटायला साधारण ८,१०० प्रती खपाव्या लागतात, एक लाखाची फिटायला २६,००० हून अधिक. २५,००० मधून एजंट १५ टक्के कापतो, उरतात २१,२५०, आणि तेही करारावर सही, बाड देणं आणि प्रकाशन अशा हप्त्यांत दोन-तीन वर्षांवर पसरलेले. एवढ्यावर घर चालत नाही. लेखिका नोकरी करते, पुढचं पुस्तक लांबतं.

रकमेचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. ज्यावर एक लाख लावले ते पुस्तक प्रकाशक जीव तोडून विकतो, कारण पैसे सुटायला हवेत. दहा हजारवालं पुस्तक नशिबावर सोडलं जातं. आणि रक्कम ठरते कशी? संपादक बैठकीत 'यासारखी' आधीची चार-पाच पुस्तकं आणि त्यांचा खप मांडतो. कृष्णवर्णीय लेखिकेची कादंबरी असली की तुलनेला कृष्णवर्णीय लेखिकांचीच पुस्तकं काढली जातात. ती मुळात थोडी, त्यांनाही कमी रकमा मिळालेल्या, त्यामुळे खप बेताचा. नव्या पुस्तकाला त्याच मापाची रक्कम मिळते आणि खपही त्याच मापाचा होतो. वर्णद्वेषी वाक्य कोणीच उच्चारलेलं नसतं, सगळं आकडेमोडीतून झालेलं असतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२० मध्ये एक पाहणी छापली. मोठ्या प्रकाशकांनी १९५० ते २०१८ या काळात काढलेली सात हजारांवर इंग्रजी ललित पुस्तकं तीत घेतली होती. ज्यांच्या लेखकाचा वर्ण ठरवता आला त्यांपैकी ९५ टक्के गोऱ्या लेखकांची निघाली. एकट्या २०१८ सालीही गोऱ्यांचा वाटा ८९ टक्के होता.

पुरस्कारांबद्दल थोडं

'अमुक पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री' ही बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. कादंबरीसाठी पुलित्झर: अ‍ॅलिस वॉकर, १९८३. नाटकासाठी पुलित्झर: सुझन-लोरी पार्क्स, २००२. बुकर: बर्नार्डिन एव्हरिस्टो, २०१९, तेही मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्याबरोबर विभागून. आमच्या मते या यादीतून प्रगती मोजणं फसवं आहे. 'पहिली' या शब्दावरून इतकंच कळतं की परीक्षकांना किती उशीर झाला. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांना निवेदन काढून विचारावं लागलं होतं की मॉरिसन यांना अजून नॅशनल बुक अवॉर्ड किंवा पुलित्झर कसं नाही. त्या वर्षी 'बिलव्हेड'ला पुलित्झर मिळालं आणि लगेच कुजबुज सुरू झाली की दबावामुळे मिळालं. मिळालं नाही तरी बोल, मिळालं तरी बोल.

एव्हरिस्टो यांनी त्या पारितोषिकाचा जो उपयोग केला तो खरा. त्यानंतर त्यांनी पेंग्विनबरोबर ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या विसरल्या गेलेल्या पुस्तकांची मालिका काढायला घेतली. पहिली पुस्तकं २०२१ मध्ये आली.

म्हणून 'समकालीन' या यादीत कोणाला धरायचं हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. एन. के. जेमिसिन यांनी २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं विज्ञान-कल्पनाकथेचा ह्युगो पुरस्कार घेतला, त्या निर्विवाद आजच्या. पण ऑक्टेव्हिया बटलर २००६ साली गेल्या आणि त्यांची १९९३ सालची 'पॅरबल ऑफ द सोअर' २०२० मध्ये पहिल्यांदा न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आली. हर्स्टन यांचं 'बॅराकून' हे गुलामांच्या शेवटच्या जहाजांपैकी एकावरून आलेल्या माणसाच्या मुलाखतींवरचं पुस्तक. ते १९३१ सालीच लिहून झालं होतं, छापलं गेलं २०१८ मध्ये. त्या माणसाची बोली काढून शुद्ध इंग्रजीत लिहा, ही प्रकाशकाची अट हर्स्टन यांनी मानली नव्हती.

मराठी वाचकाला या सगळ्यात काही ओळखीचं वाटेल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे लिखाण वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलेलं होतं. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, पुस्तक झालं १९८६ मध्ये. इथेही आधी नियतकालिक, मग पुस्तक.

वाचायला घ्यायचं तर

मॉरिसन यांची सुरुवात 'बिलव्हेड'पासून करू नये. तिच्या पहिल्या पन्नास पानांत कोण जिवंत, कोण मेलेलं आणि कुठला काळ चालू आहे हे लेखिकेने मुद्दाम उलगडलेलं नाही. अनेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. आधी 'सुला' घ्या, दोनशेहून कमी पानांची आहे आणि दोन मैत्रिणींची गोष्ट म्हणून सरळ वाचता येते. हर्स्टन यांची बोली डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होतं, कारण शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहेत. संवाद मोठ्याने वाचावेत, दहा-बारा पानांत कान सरावतो. कथा-कादंबरीकडून समाजशास्त्राचा तपशील मागू नये. 'त्यांचं दुःख समजून घ्यायला' म्हणून वाचणारा वाचक हर्स्टन यांच्या ओट्यावरच्या थट्टामस्करीला मुकतो, आणि निम्मी कादंबरी तीच आहे.

पुस्तक हाती आलं की पहिल्यांदा श्रेयपान उघडा. मूळ प्रकाशनाचं वर्ष, प्रकाशक आणि हाती असलेल्या आवृत्तीचं वर्ष तिथे असतं. दोन्हींत मोठं अंतर असेल आणि प्रकाशकही बदललेला असेल, तर मधल्या काळात ते पुस्तक कदाचित कुठेच विकत मिळत नसेल. अशा आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत ते कोणी आणि कसं शोधलं हे बहुधा लिहिलेलं असतं, पण कथानकही तिथेच फोडलेलं असतं, तेव्हा प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचावी.